काही ठिकाणी म्हणजे किती ठिकाणी?

मृग नक्षत्र लागले, पश्चिमेकडून आभाळ दाटून येऊ लागले आणि जिंतूर तालुक्यातील चारठाणा परिसरात बियाण्याच्या थैल्या ओसरीवर येऊन पडल्या, म्हणजे हवामानाच्या बातमीकडे लागलेल्या कानांवर दरवर्षी एक वाक्य हमखास पडते : मराठवाड्यात काही ठिकाणी हलका ते मध्यम, तर तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस पडण्याची शक्यता आहे. ते ऐकून एक शेतकरी तिफण बाहेर काढतो, दुसरा ती पुन्हा भिंतीला टेकवून ठेवतो, आणि तिसरा असे म्हणून मोकळा होतो की हवामान खात्याला नक्की काही ठाऊक नसते म्हणूनच ते ‘काही’ आणि ‘तुरळक’ अशा शब्दांआड उभे राहते. हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. कारण त्या वाक्यातील जवळजवळ प्रत्येक शब्दाला खात्याने अंकांची मर्यादा घालून दिलेली आहे, आणि ती मर्यादा ज्याला माहीत आहे त्याच्या हाती तेच वाक्य पेरणीच्या निर्णयाचे उपयुक्त साधन होते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ सालची. त्याची परिभाषा इंग्रजीत घडली, आणि घडताना त्या भाषेतील रोजच्या बोलण्यातले ढोबळ शब्दच तिने उचलले : ‘वन ऑर टू प्लेसेस’, ‘अ फ्यू प्लेसेस’, ‘मेनी प्लेसेस’, ‘मोस्ट प्लेसेस’. इंग्रजी बोलणाऱ्या घरात ‘अ फ्यू’ म्हणजे तीन की सात याचा निवाडा कोणी करीत बसत नाही. परंतु ज्या शब्दावर लक्षावधी लोकांची पेरणी अवलंबून राहणार त्याला असे मोकळे सोडता येत नाही हे ओळखून विभागाने त्याला कुंपण घातले. एखाद्या उपविभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘एक-दोन ठिकाणी’ किंवा ‘तुरळक ठिकाणी’ म्हणावयाचे; २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’; ५१ ते ७५ टक्क्यांवर असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’; आणि त्याहून अधिक केंद्रांवर असेल तर ‘बहुतेक ठिकाणी’. मराठवाडा हा आठ जिल्ह्यांचा मिळून एक उपविभाग आहे. म्हणजे ‘मराठवाड्यात काही ठिकाणी पाऊस’ असे ऐकल्यावर चारठाण्याच्या शेतकऱ्याने मनाशी असा हिशेब करावा की, दुसरी काही विशेष माहिती हाती नसेल तर, आपल्या शिवारात पाऊस येण्यापेक्षा न येण्याचाच संभव आज अधिक आहे. आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ असा शब्द आला की पारडे आपल्या बाजूला झुकले.

येथे एका गैरसमजाविषयी विशेष सावध राहावयास हवे. आपल्या बोलण्यात ‘तुरळक पाऊस’ म्हणजे चार थेंबांचा, जमीनही न भिजविणारा पाऊस. बातमीत मात्र ‘तुरळक’ हा शब्द जागेविषयी असतो, जोराविषयी नसतो. ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ याचा अर्थ असा की चौथाईहून अधिक केंद्रांवर तो येणार नाही, पण जेथे येईल तेथे नाल्याला पूर आणण्याइतका येऊ शकेल. त्या दिवशी सोयाबीनची गंजी उघडी ठेवून कोणी परगावी जाऊ नये.

जोराच्या शब्दांनाही असेच माप आहे, आणि ते चोवीस तासांतील पावसाचे आहे. २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ म्हणजे मध्यम, ६४.५ ते ११५.५ म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्यापलीकडचा अत्यंत जोरदार. मराठी बातमीपत्रांत याच वर्गांना कोठे ‘मुसळधार’, कोठे ‘भारी’ असे निरनिराळे शब्द वापरतात, म्हणून शब्दाबरोबर मिलिमीटर दिलेले असतील तर अंकावरच विसंबावे. ‘मध्यम’ या एका शब्दात सोळा मिलिमीटरही बसतात आणि चौसष्टही बसतात, हेही ध्यानात असू द्यावे. शब्दाला कुंपण घातले तरी कुंपणाच्या आत पुष्कळ मोकळी जागा उरते.

हे अंक कळण्याचा प्रत्यक्ष लाभ पेरणीच्या वेळी होतो. परभणी येथील कृषी विद्यापीठ, जे १९७२ साली स्थापन झाले आणि आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते, ते दर खरिपाच्या तोंडावर असा सल्ला देते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये. ‘चांगला पाऊस झाल्यावर पेरा’ असे वडीलधारी माणसेही सांगत आली आहेत. परंतु एकाच्या दृष्टीने ‘चांगला’ म्हणजे ढेकूळ फुटेल इतका, तर दुसऱ्याच्या दृष्टीने विहिरीत पाणी दिसेल इतका. एकाच रात्रीच्या पावसाला एक शेजारी ‘लई झाला बघा’ म्हणतो आणि दुसरा ‘नुसता शिडकावा’ म्हणतो. आणि दोघेही खोटे बोलत नसतात, कारण एकाची जमीन हलकी मुरमाड असते आणि दुसऱ्याची भारी काळी. दुबार पेरणीचा खर्च ज्याने एकदा सोसला आहे त्याला या शब्दांच्या ढिलेपणाची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

तेव्हा माप घरीच घ्यावे. उभ्या, सरळ भिंतींचे आणि सपाट बुडाचे कोणतेही भांडे झाडापासून व भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावे, रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची खोली शाळकरी पट्टीने मोजावी, वहीत मांडावी आणि पाणी ओतून टाकावे. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. साडेआठची वेळ एवढ्यासाठी की खात्याचा पर्जन्यदिवसही त्याच वेळी पालटतो, आणि मग आपला अंक सरकारी अंकाशी ताडून पाहता येतो. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी पडले. ही गोष्ट एकदा मनात ठसली की दहा मिलिमीटरांना कोणी ‘किरकोळ’ म्हणणार नाही.

नुकसानीच्या प्रसंगी तर शब्दाचे काहीच चालत नाही. अतिवृष्टी हा शब्द आपण सैलपणे वापरतो. महसुली व्यवहारात मात्र महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद झाली तरच ती अतिवृष्टी ठरते. चारठाणा हे स्वतः एक मंडळ आहे, म्हणून आपल्या गावाचा पाऊस कोणत्या मापकावर मोजला जातो आणि त्यावर काय अंक नोंदला गेला, हे विचारून घेणे हा शेतकऱ्याचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. पीकविम्यातही स्थानिक आपत्तीची सूचना ‘दोन-तीन दिवसांत’ द्यावी असे लोक एकमेकांना सांगतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेतील मुदत ७२ तासांची आहे, आणि ती नुकसान घडल्यापासून मोजली जाते. शुक्रवारी सायंकाळी शिवारात पाणी साचले तर सोमवारी सायंकाळपर्यंत. मधला रविवार त्यातून वगळला जात नाही.

ढोबळ शब्दाचे अंकात रूपांतर करण्याची कला आपल्या मुलखाला नवी नाही. सोळा आण्यांचा रुपया होता त्या काळी पिकाचा अंदाजही आण्यांतच बांधीत : भरघोस पीक ते सोळा आणे, निम्मे ते आठ आणे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. आजही आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित आणि पीककापणीचे प्रयोग होऊन अंतिम, अशा पायऱ्यांनी गावाचे पीक ठरते, आणि ती ५० पैशांच्या खाली गेली तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होतो. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आहे आणि तीतील काही रास्तही आहे. परंतु तिच्या नावातच एक प्रामाणिकपणा आहे असे मला नेहमी वाटते. पहिला अंदाज हा नजरेचा आहे, हे ती कबूल करते. त्याला अंतिम म्हणवीत नाही. आपल्या घरगुती व्यवहारातही अंदाज तो अंदाज आणि मोजणी ती मोजणी, एवढा भेद बोलण्यात राखला तरी अर्धे तंटे मिटतील.

मराठी भाषा मोजण्याच्या कामी ढिली आहे असा समज इंग्रजी शिकलेल्या काही तरुणांत आढळतो. वस्तुतः सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन असे पाव-पाव अंशांचे स्वतंत्र शब्द ज्या भाषेत लहान मूलही सहज बोलते, सव्वाशे म्हणजे १२५ आणि पाऊणशे म्हणजे ७५ हे ज्या भाषेत एका शब्दात सांगता येते, त्या भाषेला अचूकपणाचे वावडे कसे म्हणावे? अंदाज सांगण्यासाठीही तिने निरनिराळ्या पायऱ्या केलेल्या आहेत. ‘वीसेक माणसे’ म्हटले की वीसच्या अगदी आगेमागे. ‘पाच-सहा’ असे लगतचे अंक जोडले की बोलणाऱ्याने बहुधा पाहिले आहे, नीट मोजलेले नाही, इतकेच. ‘दहा-पंधरा’ म्हणताना पट्टा रुंदावतो. आणि ‘पाच-पन्नास’, ‘शे-दोनशे’ अशी दूरदूरच्या अंकांची जोडी आली की बोलणारा संख्या सांगत नसून आपल्या मनावर झालेला परिणाम सांगत असतो. जोडीतील दोन अंकांमधले अंतर पाहून बोलणाऱ्याची खात्री ओळखावी, हा साधा नियम मला फार उपयोगी वाटतो.

जुनी मापेही अशीच परिणामवाचक होऊन राहिली आहेत. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी असा हिशेब ज्यांच्या तोंडी होता त्यांची पिढी आता सरत आली. पण खंडीभर कामे आणि तसूभरही माघार नाही हे बोल उरले. घटका ही चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे, परंतु ‘घटकाभर बसा’ म्हणणारा यजमान घड्याळ लावीत नाही, आणि लावूही नये. चारठाण्यासारख्या प्राचीन गावी, जेथे यादवकालीन देवळे, बारव आणि शिल्पांकित स्तंभ आजही उभे आहेत, तेथे ‘तीनशे साठ देवळे होती’ असे सांगितले जाते. ही संख्या वर्षाच्या दिवसांशी मेळ घालणारी, वैभव सांगणारी आहे. तिला पुरातत्त्वाची मोजदाद समजून वाद घालणे जसे अनुचित, तसेच ती मोजदाद म्हणून शाळेच्या निबंधात उतरविणेही अनुचित.

मग धोका कोठे आहे? सांगणारा आणि ऐकणारा यांच्या मनातले माप एकच असेल तोवर ढोबळ शब्दाइतका सोयीस्कर शब्द नाही. सासू सुनेला ‘आमटीत चिमूटभर हिंग घाल’ म्हणते तेव्हा दोघींनी एकाच चुलीपुढे काम केलेले असते. परंतु मापे निराळी असून शब्द मात्र एकच असला, म्हणजे दोघेही प्रामाणिक असून एकाचे नुकसान होते. आणि हे नुकसान सर्वांत अधिक होते ते व्याजाच्या व्यवहारात.

बँकेचा व्यवस्थापक ‘नऊ टक्के’ म्हणतो ते सालाचे असतात. गावातील उसनवारीत कोणी ‘दोन टक्क्यांनी देतो’ म्हणतो ते महिन्याचे असतात. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे सालाचे २४ टक्के. ‘तीन टक्के’ म्हणजे ३६, आणि ‘शेकडा पाच’ म्हणजे ६०, म्हणजे वीस महिन्यांत व्याजच मुद्दलाइतके. ज्या तरुणाने बँकेचे नऊ टक्के जड म्हणून सोडले आणि गावातले तीन टक्के हलके म्हणून घेतले, त्याने तीनच्या अंकाकडे पाहिले, मुदतीकडे पाहिले नाही. तेव्हा टक्का हा शब्द ऐकताच पुढचा प्रश्न ठरलेला असावा : महिन्याचा की सालाचा? आणि व्याज मुद्दलात मिळविले जाणार का? परवान्यावाचून सावकारी करण्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाने मनाई आहे, आणि परवानाधारक सावकाराने पावती व हिशेब देणे बंधनकारक आहे. कागद देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्या ‘थोड्याशा व्याजा’वर विश्वास ठेवू नये.

दिवसांच्या मोजणीतही असाच एक जुना फरक दडलेला आहे. आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात पुढच्या आठवड्याचा तोच वार असतो, म्हणजे आजचा दिवस धरून आठ आणि वगळून सात. ‘पंधरा दिवस’ म्हणजे तसेच दोन आठवडे, चौदा दिवस. गावात हे सर्वांना कळते. परंतु औषधाची चिठ्ठी, न्यायालयाची तारीख, वीजबिलाची मुदत किंवा परगावच्या व्यापाऱ्याचा वायदा यांत आठ म्हणजे आठच धरले जातात. प्रतिजैविक औषध ‘आठ दिवस’ घ्यावयाचे की ‘एक आठवडा’, हे गोळ्यांच्या संख्येवरून विचारून घ्यावे, आणि कोणत्याही मुदतीपुढे वार व तारीख दोन्ही लिहून घ्यावीत. दोहोंचा मेळ बसला नाही तर चूक तेथल्या तेथे उघडकीस येते. ‘परवा’ हा शब्द तर गेलेल्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही दिवसांना लागतो, म्हणून तो फोनवरील निरोपात तारखेवाचून पाठवू नये.

‘पोते’ हे माप आपण अचूक समजतो, आणि तेथेच फसतो. युरियाची गोणी वर्षानुवर्षे ५० किलोची होती; २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. एकरी दोन पोत्यांची मात्रा ज्याच्या तोंडपाठ होती त्याच्या शेतात तेव्हापासून दहा किलो युरिया कमी पडू लागला, आणि त्याच्या शब्दांत मात्र काहीच बदलले नाही. डीएपीची गोणी अजून ५० किलोचीच आहे. बियाण्याच्या थैलीचे वजनही कंपनीगणिक व वर्षागणिक बदलते. यासाठी मात्रा सांगताना आणि विचारताना थैली, पोते, गोणी हे शब्द टाकून किलोचीच भाषा बोलावी, आणि छापलेले वजन दुकानातच वाचावे. जमिनीचेही थोडे तसेच आहे. सातबारावर हेक्टर आणि आर असतात, तोंडी एकर आणि गुंठे. एक आर म्हणजे एक गुंठा असे सर्रास धरले जाते, आणि लहान क्षेत्रात ते खपून जाते. पण ४० गुंठ्यांचा एकर भरतो ४०.४७ आर, म्हणजे एकरामागे अर्ध्या गुंठ्याच्या जवळपास फरक. चारठाण्याच्या कोरडवाहू शिवारात तो कोणी मोजणार नाही, परंतु रस्त्याकडेच्या भूखंडात त्याच अर्ध्या गुंठ्यासाठी भावाभावांचे बोलणे बंद होते.

आता जेथे चुकीची किंमत पैशांत मोजता येत नाही त्या गोष्टीकडे वळू. फवारणीचे औषध ‘पंपाला एक टोपण’ या मापाने घालण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की दुकानदारही तसेच सांगतात. पण टोपण बाटलीगणिक निराळे, आणि पंपही कोणाचा दहा लिटरांचा, कोणाचा सोळा लिटरांचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, आणि औषधांची बेसुमार मात्रा व मनमानी मिश्रणे यांची चर्चा त्यांत झाली. मिलिलिटरच्या खुणांचा मापक पेला काही रुपयांना मिळतो. तो विकत घ्यावा, त्यावर रंगाने खूण करावी, आणि तो स्वयंपाकघराच्या वाऱ्यालाही उभा करू नये.

मुलांच्या औषधाबाबत ‘एक चमचा’ म्हणजे पाच मिलिलिटर. आपल्या घरातील चमचे या मापाचे असतीलच असे नाही. भाजी वाढण्याच्या मोठ्या चमच्यात तिप्पट औषध सहज मावते. बाटलीबरोबर येणारे झाकण किंवा पेला फेकून देऊ नये. जुलाबात द्यावयाच्या साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ असे आहे, आणि यातील ‘सपाट’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. शिगोशीग भरलेल्या चमच्याने मीठ वाढले तर ते तान्ह्या मुलाला घातक ठरू शकते. औषध दुकानातील पुडी मिळत असेल तर तीच उत्तम, आणि तिच्यावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी.

याच बाबतीत बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने जे काम केले ते ढोबळ मापांच्या इतिहासात मला अत्यंत आदरणीय वाटते. १९८० नंतरच्या दशकात तिच्या सेविका एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत गेल्या. खेड्यातील त्या घरांत मोजण्याचे चमचे नव्हते, साखरही महाग होती. म्हणून त्यांनी आयांच्या हातचीच मापे घेतली : तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. परंतु चिमूट किती, हे त्यांनी शब्दावर सोडले नाही. बोटाच्या कितव्या पेरापर्यंत मीठ धरावयाचे ते दाखविले, घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून दिली, आईने स्वतः बनविलेले पाणी तपासले, आणि काही काळाने पुन्हा जाऊन तिच्या लक्षात किती राहिले ते पाहिले, व त्यावरच सेविकेचा मेहनताना ठरविला. आपल्या अंगणवाडीच्या ताईंनी, आशाताईंनी आणि घरातील आज्यांनी ‘चिमूटभर’ म्हणताना हात पुढे करून दाखविण्याची सवय ठेवली, तर पुस्तकी मापांवाचूनही पुष्कळ काम होईल.

राहता राहिली नोकरीपेशातील इंग्रजी. चारठाण्याची, जिंतूरची मुले आज पुण्या-हैदराबादच्या कचेऱ्यांत काम करतात, आणि ‘कपल ऑफ डेज’, ‘अ फ्यू’, ‘सेव्हरल’ हे शब्द त्यांना रोज ऐकावे लागतात. ‘कपल’ म्हणजे मुळात दोन. अमेरिकेकडचा माणूस सैलपणे दोन-तीनही म्हणतो. ‘अ फ्यू’ तीनपासून पुढे चार-पाचपर्यंत, ‘सेव्हरल’ त्याहून थोडे अधिक, पण ‘मेनी’पेक्षा कमी, यांना ठरीव सीमा नाही आणि कोणी ती आहे असे सांगितले तर मानू नये. मात्र दोन फरक पक्के आहेत. ‘अ फ्यू’ म्हणजे ‘काही आहेत’, आणि नुसते ‘फ्यू’ म्हणजे ‘थोडेच आहेत’. आपण जे काम ‘च’ लावून करतो ते इंग्रज ‘अ’ गाळून करतो. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ याचा अर्थ ‘अगदी थोडे’ असा वाटला तरी प्रत्यक्षात तो ‘बरेच’ असा आहे. बातम्यांतील ‘मिलियन’ म्हणजे दहा लाख आणि ‘बिलियन’ म्हणजे शंभर कोटी. १९७४ पूर्वीच्या ब्रिटिश पुस्तकांत मात्र ‘बिलियन’ हजारपट मोठा असू शकतो. औषधाच्या पत्रकातील ‘कॉमन’ म्हणजे साधारणतः शंभरांत एक ते दहा रुग्णांना होणारा त्रास, आणि ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा. हे ठाऊक असले म्हणजे ते पत्रक वाचून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करण्याची वेळ येत नाही. जाहिरातीतील ‘५० टक्क्यांपर्यंत’ यात ‘पर्यंत’ हा शब्द आणि ‘९९९ रुपयांपासून’ यात ‘पासून’ हा शब्द आधी वाचावा, अंक नंतर.

शिकलेल्या, जबाबदार माणसांतही या शब्दांनी केवढा घोटाळा होतो याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाने युगोस्लाव्हियावर त्या वर्षी आक्रमण होण्याची ‘गंभीर शक्यता’ असल्याचा अहवाल दिला. अहवाल तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांच्या मनात शंभरात पासष्ट असे प्रमाण होते. पण त्यांनी सहकाऱ्यांना विचारले तेव्हा कोणाच्या मनात वीस, तर कोणाच्या मनात ऐंशी निघाले, आणि त्या सर्वांनी एकाच वाक्यावर सह्या केल्या होत्या. कचेरीतील तरुणांनी यातून एवढेच घ्यावे की बैठकीत सर्वांनी मान डोलावली म्हणजे सर्वांचा अंक एक झाला असे नाही. ‘लवकरच’ असे ठरले तर उठण्यापूर्वी तारीख बोलून घ्यावी.

कागदावर येताना तर ढोबळ शब्दाला थारा देऊ नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २९ वे कलम सांगते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार रद्दबातल होय. त्याखालील उदाहरण आहे शंभर टन तेल विकण्याचे, ज्यात तेल कोणते हेच सांगितलेले नाही. म्हणजे अंक असला तरी वस्तू मोघम राहिली तर करार टिकत नाही. इसारपावतीत ‘अंदाजे दोन एकर’, ‘बाकी रक्कम काही दिवसांत’ असे शब्द दिसले तर गट क्रमांक, हेक्टर-आर, चतुःसीमा आणि तारीख घातल्याखेरीज सही करू नये. धनादेशावर अंकी व अक्षरी रकमेत फरक पडला तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाप्रमाणे अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात, म्हणून अक्षरे आधी आणि सावकाश लिहावीत.

एक अडचण मात्र उरते, आणि ती कायद्याची नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाने ‘देऊ की थोडेफार’, ‘होईल चार दिवसांत’ असे म्हटल्यावर ‘म्हणजे नक्की किती?’ असे विचारणे अविश्वासाचे लक्षण मानले जाते, आणि त्या भिडेपोटी माणसे गप्प बसतात. भीड मोडण्याची गरज नाही. अंक आपणच पुढे करावा, म्हणजे समोरच्याला नुसते हो किंवा नाही म्हणावे लागते. ‘दाजी, दोन रुपये म्हणजे महिन्याचे लिहू ना?’ ‘मामा, आठ दिवस म्हणजे येत्या बाजाराच्या दिवशी येऊ का?’ ‘डॉक्टरसाहेब, थोडे थोडे पाजा म्हणालात, तर दर जुलाबानंतर किती पेले धरू?’ असे विचारल्याने कोणाचा मान उणा होत नाही, आणि सांगणाऱ्याच्या मनात जर अंक ठरलाच नसेल तर तो तेथेच, आपल्यासमक्ष ठरविला जातो.